एका डोळ्याचा मचवा

करमअलीचाचाला कुणी विचारलं, की मिसर देश कुठे आला, तर तो आधी विचारायचा, जेवलास का? जेवला नसेल त्याला तो कुठलाही देश सांगत नसे. उपाशी माणसाच्या डोक्यात राज्यं शिरत नाहीत, हे त्याचं पक्कं मत. बोटीवरचा स्वयंपाकी तो, दुसरं काय बोलणार!

मी त्याची शेजारीण, राही. आमची दोन्ही घरं खाडीच्या काठाला, मध्ये मेंदीचं कुंपण, आणि तेही त्याच्या बकऱ्यांनी निम्मं खाल्लेलं. त्यावरून मी त्याच्याशी जितकं भांडले तितकं सासूशीसुद्धा भांडले नाही. आमची लेक माणगावच्या शाळेत जायला लागल्यापासून माझी बोली थोडी सुधारलीय म्हणतात, पण तोंड तेच आहे, आधीच सांगून ठेवते.

ओठावर मिशी फुटायच्या आत चाचा मुंबईला जाऊन आगबोटीवर चढला. आधी भांडी घासली, मग कांदे सोलले, मग भंडारी झाला, म्हणजे बोटीवरचा मुख्य स्वयंपाकी. जगातली झाडून सगळी बंदरं त्यानं पाहिली आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन-तीन वर्षांनी कायमचा घरी आला. आल्यावर त्यानं काय केलं, तर ओट्यावर बसून अख्खं जग पुन्हा एकदा शिजवायला घेतलं. संध्याकाळी आमची निम्मी आळी त्याच्या ओट्यावर असायची. तो राज्यं सांगायचा, पण सगळी चुलीच्या बाजूने. मिसरचा बादशहा, ज्याला ते फिरऊन म्हणतात, तो मेला की त्याच्या कबरीत रोट्या, कांदे, भाजलेली बदकं ठेवायचे, पुढच्या प्रवासाची शिदोरी म्हणून. "आन् लोणचं?" आतून मासूमाचाची विचारायची. लोणच्याचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, मग तो चिडायचा. बाबिलोनचं राज्य एवढं मोठं, वेशीला निळ्या विटा, पण त्यांना भात शिजवता येत नसणार म्हणूनच ते बुडालं, असं त्याचं म्हणणं. चिनी लोक पितरांसाठी कागदाची घरं जाळतात. रंगूनला सोन्याचा पॅगोडा आहे आणि तिथे गोऱ्या साहेबालाही बूट काढावे लागतात, हे सांगताना त्याचा ऊर भरून यायचा. खरं किती आणि वरची फोडणी किती, देव जाणे. आम्हाला फोडणीच जास्त आवडायची.

एक गोष्ट मात्र तो पुन्हा पुन्हा सांगायचा. बंदर कुठलंही असू दे, त्याच्या जवळपास देऊळ, चर्च, दर्गा, काहीतरी असतंच, आणि तिथे एखादी बाई समुद्राकडे बघत काहीतरी मागत उभी असते. "बोली समजत न्हाय गो, पण मागनं समजतं," चाचा म्हणायचा. "सगल्या मुलखांत एकच मागनं. माझा मानूस घरी येऊ दे." हे आलं की मला नेमकं काहीतरी काम आठवायचं आणि मी उठून घरी जायची.

कारण माझा माणूस घरी नव्हता. तेव्हा मी त्याचं नाव घेत नव्हते, आता घेते. रघू. माझे सासरे भागोजी हे या खाडीतले नावाजलेले तांडेल, मचवा हाकावा तर त्यांनी. रघू त्यांच्या मचव्यावरच वाढला. पण तो मचवा किडीने खाल्ला, सासरे गेले, आणि रघू मुंबईला गिरणीत लागला. वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा घरी यायचा. आला की पहिले चार दिवस नुसता खोकायचा, छातीतून कापूस बाहेर पडतो की काय असं वाटायचं. जरा बरं वाटायला लागलं की जायची वेळ झालेली असायची. पत्र्याची ट्रंक, तिला सुंभाची दोरी, आणि स्वारी निघाली. त्या ट्रंकेचा मला इतका राग होता, की तिच्यावरची धूळसुद्धा मी कधी पुसली नाही.

आणि एका वर्षी दिवाळीनंतर करमअलीचाचाने जाहीर केलं, की आपण मचवा बांधणार. आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर भात शिजवला, आता स्वतःची बोट. भात, नारळ, गवत भरून भाऊच्या धक्क्यावर न्यायचं आणि येताना कौलं, मीठ, किराणा आणायचा. तांडेल म्हणून त्याने रघूचं नाव घेतलं. भागोजीचा पोर आहे, पाणी त्याच्या अंगात आहे, म्हणाला. मी कुंपणापलीकडून ऐकलं आणि बकऱ्यांचे सगळे गुन्हे जागच्या जागी माफ केले.

रघू भातलावणीला आला तेव्हा मुकादमाशी बोलून आला होता. नारळी पौर्णिमेपर्यंत त्याची जागा राहणार होती, पुढे नाही. आमच्याकडे नवा मचवा पहिल्यांदा पाण्यात लोटायचा तो नारळी पौर्णिमेलाच, समुद्राला नारळ दिला की. तो दिवस हुकला तर पुढच्या वर्षीपर्यंत कुणी त्याला पाण्यात घालत नाही आणि त्यावर पायही ठेवत नाही. म्हणजे हिशेब साधा होता. पौर्णिमेला मचवा तरंगला तर रघू घरी, नाही तर ट्रंक. तो मला म्हणाला, बघू काय होतं ते. त्याचं सगळंच "बघू" असायचं. मीही वरून हो हो केलं. मला काय वाटतं ते मी सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही.

मचवा बांधत होता अंबाजी सुतार. किनाऱ्यावर माडाच्या झापांचा मांडव घालून त्याखाली सांगाडा उभा केला होता. अंबाजी हात चालला की देवमाणूस आणि बोलायला लागला की डोकेदुखी. मचवे बांधायचा तसे तो श्रावणात गणपतीही करायचा, आणि त्याचे गणपती पार तळा गावापर्यंत जायचे. गणपतीचे डोळे तो सगळ्यांत शेवटी काढायचा, आंघोळ करून, दिवसाउजेडी. डोळे काढले की मूर्ती बघायला लागते, मग तिच्या अंगाला हत्यार लावायचं नाही, हा त्याच्या घराण्याचा नेम. एका वर्षी कोंडाजी पाटलाच्या गणपतीचे डोळे काढून झाल्यावर लक्षात आलं, की सोंड तासायची राहिली आहे. अंबाजीने साफ नकार दिला. पाटलाकडे त्या वर्षी जाडसोंड्या गणपती बसला आणि पाटलाने आरती होईपर्यंत तोंड फुगवून ठेवलं.

हे सगळं गावाला माहीत होतं, चाचालाही माहीत होतं. पण चाचाच्या अंगात घाई. बोटीवरसुद्धा भात शिजायच्या आधी चारदा चाखून बघायचा, असं चाचीच सांगायची. मचव्याचं काम थोडं राहिलं होतं. वरच्या फळ्यांचे खिळे मारायचे आणि फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून वर राळ द्यायची, एवढंच. आणि एका दुपारी अंबाजीच्या पडवीत गणपतींचे रंग मांडलेले बघून चाचाला राहवेना. मिसरच्या राजांच्या होड्यांना डोळे असायचे, ग्रीक लोकांच्या गलबतांना डोळे, चिन्यांच्या होड्यांना तर आजही आहेत. होडीला वाट दिसायला नको? मग आपल्याच मचव्याने काय घोडं मारलंय? मासूमाचाची म्हणाली, आपल्यात असली चित्रं बसत नाहीत. चाचा म्हणाला, पुजायला कुठे काढतोय, वाट बघायला काढतोय. तिने कपाळावर हात मारला आणि मासळी साफ करायला बसली.

अंबाजीला वाटलं, लाकडाला कसला आलाय डोळा, नक्षी ती नक्षी. कुंचला घेऊन तो मचव्याच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, एका बाजूला डोळा काढायला बसला. आणि हाताला सवय गणपतीची. काढता काढता डोळा असा उतरला, की बघणारे दोन पावलं मागे सरले. पांढरं, कडेला लाली, मध्ये काळंभोर बुबुळ. तेवढ्यात उजेड गेला. दिव्याच्या उजेडात अंबाजी डोळे काढत नसे, दुसरी बाजू उद्या म्हणून तो घरी गेला.

सकाळी आला, हातोडी उचलली, फळीवर खिळा धरला, आणि डोळ्याकडे त्याची नजर गेली. हातोडी खाली ठेवली. परत उचलली. परत ठेवली. मग मांडवाबाहेर येऊन विडी पेटवली आणि म्हणाला, मचवा बघतोय, मी मारणार नाही.

आता झाली का पंचाईत! डोळ्यावर फडकं बांधू म्हटलं, तर फडक्याखाली तो उघडाच. पुसून टाकू म्हटलं, तर उघडलेला डोळा फोडायचं पाप कुणी घ्यायचं? दुसराही डोळा रंगव म्हटलं, निदान काणा तरी दिसायचा नाही, तर अंबाजी म्हणाला, काम पुरं झाल्याशिवाय डोळे पुरे करायचे नाहीत, हा नेम एकदा मोडला तेवढा पुरे. म्हणजे डोळा आहे म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून डोळा नाही. दुसरा सुतार आणावा, तर एकाच्या हातचं अर्धं काम दुसरा सुतार शिवत नाही. गावातल्या बायका तिकडून जाताना पदर पुढे ओढायला लागल्या, काणा मचवा सकाळी सकाळी दिसायला नको म्हणून. पौर्णिमा जवळ येत चालली, आणि मांडवात मचवा एका डोळ्याने सगळ्यांकडे बघत बसलेला.

एका सकाळी मी गोठ्यातून आले, तर रघूने ट्रंक माजघरात काढून ठेवलेली आणि दोरी वळत बसलेला. टोपली तिथेच टाकली आणि शेणाच्या हातांनी तशीच चाचाच्या ओट्यावर गेले. राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त मी घाबरले होते. आणि घाबरले की माझं तोंड सुटतं.

मी म्हटलं, "चाचा, तुमी सगलं जग फिरलाव. मिसर सांगताव, बाबिलोन सांगताव, इतक्या मुलखांचे इतके देव आमाला सांगितलेत. त्यातला एक तरी माझ्या कामाला येतो का बगा."

चाचाने सकाळचा चहा घेतला नाही, यावरून काय ते समजा. चाचीने मला हात धुवायला पाणी दिलं आणि त्याला म्हणाली, बरोबर बोलते ती, एवढं जग आणून ओट्यावर मांडलंत, आता एखादं कामाला लावा. चाचा डोळे मिटून एकेक मुलूख आठवायला लागला. मिसरमध्ये मेलेल्या राजाच्या पेटीवरही डोळे काढायचे, आतून बाहेर बघायला. ते नको. सिलोनमध्ये बुद्धाच्या मूर्तीचे डोळे काढणारा मूर्तीकडे बघत नाही, आरशात बघून पाठमोरा काढतो. पण तेही काढताना, काढून झाल्यावर काय? ग्रीकांचं काही आठवेना. चिन्यांचं आठवलं, ते फक्त जेवणाचं. मग एकदम उठला, आत गेला आणि चाचीच्या लोणच्याच्या बरणीवरची भावली घेऊन आला.

ती भावली मी कितीतरी वर्षं बघत होते. जपानातली, लाल, गोल गरगरीत, हात नाहीत, पाय नाहीत, आडवी पाडली तरी उठून बसणारी. झाकण उडू नये म्हणून चाचीने ती बरणीवर ठेवलेली, आणि तोंड भिंतीकडे. कधी नीट पाहिलीच नव्हती. आता पाहिली. तिला एकच डोळा होता.

चाचा अनवाणीच मांडवाकडे निघाला आणि मी त्याच्या मागे. अंबाजी विडी ओढत बसला होता. रघूही आला, आळीतले आणखी काही जण आले. चाचाने भावली अंबाजीपुढे वाळूत ठेवली आणि सांगितलं, की कोबे बंदरात एका दुकानदारणीने त्याला ही दिली. त्यांच्यात एक साधू होऊन गेला, आपल्या हिंदुस्थानातूनच तिकडे गेलेला म्हणतात, भिंतीकडे तोंड करून वर्षानुवर्षं बसला, इतका की हातपाय झडून गेले. त्याची ही भावली. विकत घेताना तिला डोळे नसतात. मनात काहीतरी धरायचं आणि एक डोळा काढायचा. धरलेलं झालं की दुसरा. तोपर्यंत ती एका डोळ्याने बघत राहते.

"काय बगत ऱ्हाते?" अंबाजीने विचारलं.

"मानूस हात हलवतो का बसून विड्या वडतो, ते," चाचा म्हणाला.

अंबाजीने विडी वाळूत विझवली. भावली उचलली, पाडली, ती उठून बसली. पुन्हा पाडली, पुन्हा उठली. भिंतीकडे तोंड करून बसलेला साधू आपल्याच मुलखातला निघाला, हे त्याला फार पटलेलं दिसलं. मग म्हणाला, "मंजे नवसाचा डोला हा."

"नवसाचाच," चाचा म्हणाला.

नवस म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. नवस आमच्याकडे तान्ह्या पोरालाही समजतो. एकदा बोललेला नवस अर्धा ठेवायचा नसतो, तो अर्धा ठेवणं हेच पाप. म्हणजे आता हातोडी न उचलणं हे चुकीचं ठरलं. पण अंबाजी कसला सुटतोय! तो म्हणाला, नवस कुणाचा? न बोललेला नवस लागत नाही, चारचौघांत नाव घेऊन बोलायला हवा. चाचा म्हणाला, माझा तर या भावलीत कधीच बोलून झालाय, स्वतःच्या बोटीचा, एकाच गोष्टीसाठी दोन नवस कसे चालतील. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रघू मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, ती वळत असलेली दोरी अजून त्याच्या हातात.

मी पुढे झाले. चारचौघांत, सासऱ्यांच्या वयाच्या माणसांपुढे, मी कधी तोंड उघडलं नव्हतं. शिव्या कुंपणावरून द्यायची ती गोष्ट वेगळी.

"माझा नवस हाय," मी म्हटलं. "माझा मानूस घरी ऱ्हाऊ दे. ह्यो मचवा पान्यात जाऊ दे, आन् त्यो मुंबईला न्हाय, ह्याच्यावर जाऊ दे. मला त्यो घरी पायजे."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. चाचाने नुसती मान हलवली, जशी तो बंदरावरच्या त्या बाईची गोष्ट सांगताना हलवायचा. मी रघूकडे बघितलं नाही, माझी हिंमतच झाली नाही. अंबाजीने हातोडी उचलली आणि फळीवर खिळा धरला. फळी हलत होती. रघू आला, दोरी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी फळी दाबून धरली. तो पहिला ठोका अजून माझ्या कानात आहे.

मग काय विचारता! अंबाजी दिवस उजाडला की ठोकायला लागायचा तो अंधार पडेपर्यंत. फटीत कापूस भरायला सगळी आळी लोटली. रघूचा हात कापसाला सरावलेला, तो सगळ्यांत भराभर भरायचा. गिरणीचा एवढा तरी उपयोग झाला, म्हणायचा. चाची डेगभर बिर्याणी करून मांडवात पाठवायची आणि आमचा श्रावण म्हणून आमच्यासाठी वेगळी भाकरी-चटणी. राळेच्या वासाने बकऱ्या आठ-दहा दिवस किनाऱ्याकडे फिरकल्या नाहीत, त्यामुळे माझी मेंदी जरा वर आली.

पौर्णिमेला सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर. अंबाजी आंघोळ करून, नवं धोतर नेसून आला आणि दुसऱ्या बाजूला डोळा काढायला बसला. चाचा त्याच्या मानेशी उभा. सिलोनच्या रिवाजाने आरसा धर, असा त्याने हट्ट धरला. अंबाजी म्हणाला, "चाचा, एका टायमाला एकच मुलूख." पांढरं भरलं, लाली भरली, आणि बुबुळाची वेळ आली तसा कुंचला माझ्या हातात दिला. नवस तुझा, फेडायचा तू, म्हणाला. शेण सारवणाऱ्या हातात कुंचला कधी आलेला नव्हता, बुबुळ थोडं वर सरकलं. म्हणून आमचा मचवा आजही एका डोळ्याने समुद्राकडे बघतो आणि दुसऱ्याने ढगाकडे. अंबाजीला ते बघवत नाही. मला त्याहून सुंदर डोळा कुठे दिसलेला नाही.

नारळ सोडला, मचवा लोटला, तो तरंगला. रघू सुकाणूवर गेला, त्याच्या बापाच्या जागी. मी रडले, उगाच कशाला खोटं सांगू. चाचाही रडत होता, पण तो म्हणाला राळेचा धूर गेला. तिथे धूर नव्हता.

पहिली फेरी मारून मचवा भाऊच्या धक्क्यावरून परत आला, त्या दिवशी मी वाहून आलेलं जळण वेचायचं निमित्त काढून किनाऱ्यावरच होते. डोंगराच्या टोकामागून आधी नाळ दिसली आणि नाळेवरचा डोळा. रघू उतरला, तो न खोकता उतरला. घरी येऊन भाकरी खाताना म्हणाला, "तुला येवढं वाटत व्हतं, तर मला कदी बोलली का न्हायस?" मी म्हटलं, "तुमी इचारलंत कदी?" त्याने खाली मान घालून भाकरी संपवली. मग उठला, माजघरातली ट्रंक उघडली, त्यातले कपडे काढून खुंटीला लावले आणि ट्रंक उचलून मागच्या पडवीत ठेवून आला.

याला आता बरीच वर्षं झाली. करमअलीचाचा ओट्यावर बसतो तो अजून बसतो, आणि जेवलास का ते विचारल्याशिवाय अजून कुणाला देश दाखवत नाही. हल्ली त्याच्या गोष्टीत आमचंही गाव येतं. जपानच्या नंतर, रंगूनच्या आधी. एक गाव होतं म्हणे, तिथल्या लोकांच्या मचव्याला नवसाचा डोळा असायचा, आणि तिथली एक बाई फार तोंडाळ होती. भावली चाचीच्या बरणीवरच आहे. तिला दुसरा डोळा त्याच पौर्णिमेला मिळाला, आणि चाचीने तिचं तोंड भिंतीकडून खोलीकडे फिरवलं, लोणच्यावर लक्ष ठेवायला म्हणून. आणि त्या ट्रंकेत माझी कोंबडी अंडी घालते. ट्रंकेवरची धूळ आता मी रोज पुसते.